कान नव्हे, जबड्याचा सांधा

विंचूरच्या आमच्या गटातली एक ताई. वर्षभर कान दुखायचा. थेंब घातले, एक चांगली दाढही काढून झाली. घरचे म्हणायचे, नाटकं करते. दुखणं होतं जबड्याच्या सांध्याचं. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, हलतो तोच.

नुसता कट् वाजत असेल तर तपासण्यांची घाई नको. पण दुखत असेल, तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर दंतवैद्याला दाखवा. एक्स-रेत हाड दिसतं, सांध्यातली गादी दिसत नाही. मणक्यासारखी इथलीही गादी सरकते. ती एमआरआयमध्ये नीट दिसते. ताईची तशीच सापडली. आधीचा एक्स-रे अगदी चांगला होता!

दिवस गेले असतील तर एक्स-रेआधी सांगा. एमआरआयला मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतात. त्यात अपशकुन कसला? ताईने सासूबाईंच्याच हातात दिली आणि आत गेली.