मोटारीच्या रंगावरील पारदर्शक कवच

श्रोतेहो, नवी मोटार दारात आली, की तिला हळदकुंकू लावून, नारळ फोडून आपण तिचे स्वागत करतो. त्यानंतर पहिला ओरखडा उठेपर्यंतचे दिवस मोठ्या कौतुकाचे असतात. हा पहिला ओरखडा शक्य तितका लांबणीवर पडावा, म्हणून अलीकडे पुष्कळ लोक गाडीच्या रंगावर एक पारदर्शक पापुद्रा बसवून घेतात. बाजारात त्याला ‘पेंट प्रोटेक्शन फिल्म’ असे म्हणतात. त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम लहान नसते. साऱ्या गाडीला तो लावावयाचा म्हटल्यास मध्यम स्थितीतील कुटुंबाची कित्येक महिन्यांची शिल्लक त्यात खर्ची पडते. परंतु पैसे मोजून कवच घेतले म्हणजे निगा राखण्याची जबाबदारी संपली, असा जो समज रूढ होऊ पाहत आहे, तो मात्र खरा नव्हे. त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायर यांनी १९३७ साली पॉलियुरेथेन या पदार्थाचा शोध लावला. त्याच कुळातील एका लवचिक पण चिवट प्लास्टिकचा हा पापुद्रा असतो. व्हिएतनामच्या युद्धकाळात हेलिकॉप्टरची पाती वाळूने व उडत्या कचऱ्याने झिजू नयेत, म्हणून अशा आवरणाचा उपयोग अमेरिकन सैन्याने केला. तेथून तो शर्यतीच्या गाड्यांवर व पुढे आपल्या घरगुती मोटारींवर आला. त्याची जाडी साधारणतः १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी असते. खाली चिकट द्रव्याचा थर, मध्ये पॉलियुरेथेन आणि वर एक गुळगुळीत लेप, अशी त्याची रचना आहे. या वरच्या लेपाचा एक गुण नवलाचा आहे. त्यावर उठलेले बारीक चरे उन्हाच्या अथवा कोमट पाण्याच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. मात्र किल्लीने किंवा धारदार खड्याने पापुद्राच कापला गेला, तर ती जखम भरून येत नाही.

बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीकडे जाणाऱ्यांना या कवचाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून उडालेली खडी बॉनेटवर आदळते, तेव्हा तिचा आघात हा लवचिक पापुद्रा बराचसा शोषून घेतो.

आता निगा राखण्याचा विचार करू. पापुद्रा बसविताना त्याखाली साबणाचे पाणी वापरावे लागते. त्याचे काही थेंब आत राहतात व पहिले काही दिवस पृष्ठभागावर पाण्याचे फुगे किंवा धूसर डाग दिसतात. ते पाहून पुष्कळ जण अस्वस्थ होतात व टाचणीने फुगा फोडावयास निघतात. तसे कदापि करू नये. हे पाणी हळूहळू वाफ होऊन निघून जाते. पावसाळी हवेत त्याला थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच. पहिला आठवडाभर गाडी धुऊ नये आणि पापुद्र्याच्या कडांना नख लावू नये. फुगा महिन्यानंतरही तसाच राहिला, तर ज्याने काम केले त्यालाच तो दाखवावा.

त्यानंतर गाडी धुवावयाची ती सावलीत आणि पत्रा थंड असताना. ग्वाल्हेर-इंदूरकडील मे महिन्यात उन्हात तापलेल्या बॉनेटवर पाणी पडले, की ते क्षणात वाळते आणि त्यातील क्षार पांढऱ्या वर्तुळांच्या रूपाने मागे राहतात. बोअरचे जड पाणी असेल, तर हा उपद्रव अधिकच होतो. म्हणून धुतल्यावर गाडी लगेच मऊ फडक्याने टिपून घ्यावी. डाग पडलेच, तर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून त्याने ते हलकेच पुसावेत व वर स्वच्छ पाणी ओतावे. साबण गाड्यांसाठी मिळणारा सौम्य शांपूच असावा. कपड्यांची पूड किंवा भांड्यांचा साबण वरच्या लेपाला मानवत नाही. दाबाच्या पाण्याचा फवारा वापरावयाचा असल्यास तो हातभर अंतरावरून धरावा आणि कडांवर तिरका मारू नये, कारण कड एकदा उचलली गेली, की तिच्याखाली धूळ शिरते व ती पुन्हा नीट चिकटत नाही.

पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे आणि झाडाचा चीक हे या कवचाचे खरे शत्रू होत. पक्ष्याच्या विष्ठेत युरिक आम्ल असते व उन्हात त्याची दाहकता वाढते. आंब्याला मोहोर आला, की तुडतुड्यांचा चिकट गोड स्राव खाली टपकतो. त्या दिवसांत आंब्याच्या सावलीचा मोह आवरावा. असा डाग पडला, तर तो खरवडू नये. ओले फडके काही मिनिटे त्यावर ठेवावे, डाग मऊ होऊ द्यावा आणि मग अलगद उचलून घ्यावा. डांबराचे ठिपके रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसण्याची जुनी सवय अनेकांना आहे. ती येथे सोडून द्यावी. या द्रव्यांनी वरचा लेप व कडांचा चिकटपणा दोन्ही बिघडतात.

परंतु श्रोतेहो, शहरांतील बहुतेक गाड्या मालक स्वतः धूत नाहीत. पहाटे एखादा होतकरू मुलगा येतो आणि एका बादलीत व एका फडक्यात दहा-पंधरा गाड्या पुसून पुढे जातो. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीवर कानशीसारखी घासली जाते. हजारो रुपयांचे कवच यामुळे दोन वर्षांत निस्तेज होते आणि दोष त्या मुलाच्या माथी येतो. त्याला आपण दुसरी बादली कधी दिली काय? एका बादलीत शांपू, दुसरीत फडके खळबळून घेण्यासाठी स्वच्छ पाणी आणि मायक्रोफायबरची दोन फडकी, एवढे साहित्य घरून द्यावे. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी व मगच हात लावावा, हे त्याला एकदा समजावून सांगावे. आणि या कामाला वेळ अधिक लागतो, तेव्हा मोबदलाही थोडा अधिक द्यावा. कोरड्या फडक्याने रोज झटकण्यापेक्षा असे आठवड्यातून एकदा धुणे कितीतरी हितावह आहे.

एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवतो. पॉलियुरेथेनच्या नावाखाली स्वस्त पीव्हीसीचा पापुद्राही विकला जातो. तो लवकर पिवळा पडतो, कडक होतो आणि काढताना त्याचे तुकडे होतात. यास्तव उत्पादकाचे नाव व हमीपत्र लेखी घ्यावे. अस्सल पापुद्र्याची हमीही बहुधा पाच ते दहा वर्षांचीच असते. ती मुदत संपली, की तो जाणत्या कारागिराकडून उष्णता देऊन, सावकाश काढून घ्यावा. अति जुना झालेला पापुद्रा घाईने ओढल्यास, विशेषतः अपघातानंतर पुन्हा रंग दिलेल्या पत्र्यावर, खालचा रंगच सोबत निघून येण्याची भीती असते. म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप केला, तेच गमावून बसावयाचे.

गाडी जुनी असेल व चार वर्षांत विकावयाची असेल, तर साऱ्या गाडीला हे आवरण घालणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अशा वेळी बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढेच झाकले तरी काम भागते. आणि ज्यांना तेही परवडत नाही, त्यांनी खंत करू नये. सावली, स्वच्छ पाणी, मऊ फडके आणि पुसणाऱ्या हाताविषयी थोडी आस्था, या चार गोष्टी कवच नसलेल्या गाडीचा रंगही पुष्कळ वर्षे टिकवितात. आणि त्या नसतील, तर कितीही महागडे कवच शेवटी हरते.