आधी ऑपरेशन, मग वाटी

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि कार्यक्रमपत्रिकेत विषय लिहिला आहे ‘शेतावरची भटकी मांजरं’. मांजरांचे आजार, आहार, निगा असं बरंच काही मी सांगावं अशी अपेक्षा असेल. मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि तीही दोन-तीनदा, कारण रेडिओ चालू असताना कुकरची शिट्टी होते, दारावर भाजीवाला येतो, आणि नेमकं तेवढंच ऐकायचं राहतं. तर आधीच सांगून टाकते. वाडीवर आलेल्या मांजराला तुम्ही वाटीभर खायला घालणार असाल, तर त्याचं ऑपरेशन करून घ्या. ऑपरेशन करणार नसाल, तर वाटी ठेवू नका. आधी ऑपरेशन, मग वाटी. कठोर वाटलं ना? वाटू दे.

आमची वाडी कामरेजच्या पुढे. थोडा ऊस, थोडी आंब्याची झाडं, दोन म्हशी. सुरत शहराभोवती कामरेज, ओलपाड, पलसाणा, बारडोली, कुठेही जा, अशा वाड्या आणि फार्महाऊस भरपूर. आणि या सगळ्या वाड्यांवर मांजरं कुठून येतात? उसातून उगवत नाहीत. ती अडाजण-वेसूच्या फ्लॅटमधून गाडीत बसून येतात. मुलाने हट्ट केला, पिल्लू आणलं. पिल्लू मोठं झालं. बोका असेल तर सोफ्यावर धार मारू लागला, भाटी असेल तर रात्र रात्र ओरडू लागली. सोसायटीत तक्रार झाली. मग कुणाला तरी सुचतं, ‘अहो, वाडीवर सोडू या ना! मोकळं राहील, उंदीर खाईल, म्हशीचं दूध पिईल.’ रविवारी संध्याकाळी गाडी फाटकाशी थांबते, खोका खाली ठेवला जातो, गाडी वळते.

मारायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही, हे मी मान्य करते. आपल्या हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, हे आपल्या आज्यांनी आपल्याला सांगून ठेवलं आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणाऱ्या माझ्या खानदेशी बहिणींच्या घरीही हेच ऐकलं असेल. पण पोत्यात घालून दुसऱ्याच्या बांधावर सोडलं तर काशीला काय न्यायचं, ते आजीने सांगितलं नव्हतं. कायद्याने सांगितलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याचं कलम ११: उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला तो आकडा. ५० रुपयांचं आज सुरतेत काय मोठंसं, मग कोण भिणार? विष घातलं तर मात्र गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाडीवाल्यांनी ऐकून ठेवा.

आणि ‘मोकळं राहील’ म्हणणाऱ्यांनी त्या मांजराची पहिली रात्र बघावी. वाटीतलं खाऊन वाढलेल्या मांजराला शिकार येत नाही. पाणी कुठे आहे ते माहीत नाही. तिथला बोका त्याला मारून हाकलतो. त्यातून ते चपट्या नाकाचं पर्शियन असलं तर मे महिन्यातल्या उन्हात त्याला श्वासही घेववत नाही, आणि केसांच्या गुठळ्या होऊन आतली कातडी चिघळते. बिबट्या आहे तो वेगळाच. आपल्या जिल्ह्यात उसात बिबटे राहतात हे मांडवी, महुवा, मांगरोळकडच्यांना मी सांगायला नको. रात्री ओट्यावर ताटली भरून ठेवली की मांजरं जमतात, आणि मांजरं-कुत्री जमली की त्यांच्या मागावर तो येतो. खायला घालायचं तर दिवसाउजेडी, आणि उरलेलं लगेच उचलायचं.

आता हिशेब. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभणपण साधारण ६३ ते ६५ दिवस. म्हणजे होळीला जन्मलेलं पिल्लू दिवाळीला स्वतः आई. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. एका वेताला तीन-चार पिल्लं, कधी जास्त. त्यातली निम्मी जगत नाहीत असं धरलं तरी…जाऊ दे, आकडे नकोत. तुम्ही घरी विरजण लावता ना?

पातेल्यातलं दही संपलं, पण कडेला चमचाभर राहिलं. त्यात दूध ओतलं की सकाळी पुन्हा पातेलंभर दही. चमचा राहिला काय आणि वाटी राहिली काय, दह्याला फरक पडत नाही. वाडीवरच्या मांजरांचं हेच आहे. दहातली नऊ पोत्यात भरून तापीपलीकडे सोडून आलात आणि एक भाटी राहिली, की वर्षभरात पातेलं भरलंच. दूध म्हणजे इथे तुमची वाटी, गोठ्यात सांडलेलं, स्वयंपाकघरामागचं खरकटं, आणि उंदीर. ते तसंच राहिलं तर कुणीतरी येऊन बसणारच. बरं, पातेलं राखेने घासून ठेवलंत तरी शेजारीण वाटीत विरजण घेऊन येते, कारण पुढच्या रविवारी गाडी येतेच आहे. उन्हाळ्यात दही लवकर लागतं. भाटीही संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की माजावर येऊ लागते. थंडीत ती जरा सुस्तावते, पण आपल्याकडे थंडी असते ती कितीशी! आता पुढचं नीट ऐका. दही उकळून घेतलं आणि मग त्याचं विरजण लावलं, तर दही लागतं का? नाही लागत. ऑपरेशन केलेली भाटी म्हणजे ते उकळलेलं दही. पातेल्यात आहे, जागा अडवून आहे, परक्या मांजराला सहजासहजी शिरू देत नाही, पण तिच्यापासून पुढे काही लागत नाही. म्हणून मी म्हणते, हाकलू नका, पातेलं रिकामं करू नका. उकळून घ्या. आणि मग खुशाल वाटी ठेवा.

आमच्याकडे काही जण म्हणतात, ‘ताई, असू देत की चार मांजरं जास्त, उंदीर कमी होतात.’ सुरतेत उंदराचं नाव काढलं की १९९४ चा सप्टेंबर आठवतो. प्लेगच्या धास्तीने लोक मिळेल त्या गाडीने गाव सोडून गेले. खानदेशातल्या गावी परतलेली कितीतरी माणसं ऐकत असतील. शिवाय पावसाळ्यात भाताच्या आणि उसाच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो दक्षिण गुजरातला नवा नाही. तेव्हा उंदरांची भीती मला कळते. मांजर हा प्लेगवरचा उपाय, हे मोठमोठ्या लोकांनाही वाटलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरावतीला बुकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. ज्या गावांत मांजरं पुष्कळ तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांनी ते हिरिरीने मांडलं. पुढे कळलं की मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो. आणि मोठा उंदीर, घूस वगैरे, हे मांजर मारतं तरी किती? न्यूयॉर्कमध्ये एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापला. तेवढ्या दिवसांत तिथल्या मांजरांनी मारलेले मोठे उंदीर दोन. दोन! मांजराला चिचुंद्री, छोटा उंदीर, सरडा, पक्ष्याचं पिल्लू सोपं. घुशीसाठी धान्याच्या कोठ्या बंद करा, खरकटं उचला. आणि ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषाच्या वड्या टाकत असाल तर ती वडी खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की मांजरही जाऊ शकतं, तेवढं लक्षात असू दे.

दुसरं ऐकायला मिळतं ते असं, ‘आपली सुरत दयाळू, पांजरापोळ आहे, तिथे द्या.’ सुरतेची दया जुनीच आहे. १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री इथे आला होता. गायी, घोडे, बकऱ्या, कुत्रे अशा आजारी आणि लंगड्या जनावरांचं इस्पितळ इथे असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. इतकंच काय, ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी व्यवस्था, आणि त्यांना रक्त मिळावं म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या खाटेवर झोपवायचे म्हणे. दया शेटची, चावे त्या गरिबाला. आपण फाटकाशी खोका ठेवून जातो तेव्हा वेगळं काय करतो? निदान त्या माणसाला पैसे तरी मिळत होते. पांजरापोळात जनावरं म्हणजे मुख्यतः गुरं. पिंजऱ्यात शंभर मांजरं दाटीने ठेवली तर पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या रोगाची एक साथ सगळी घेऊन जाऊ शकते. आणि २००१ चे जन्मनियंत्रणाचे नियम तर नावानेच कुत्र्यांचे होते; सगळी यंत्रणा उभी राहिली ती कुत्र्यांसाठी. वाडीवरच्या भाटीला न्यायला कुणाची गाडी येणार नाही, आपणच न्यायचं.

दुधाबद्दलही बोलायचं होतं. आपण वाटी म्हणतो आणि त्यात दूध-रोटली कुस्करतो. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीतून मिळतो. नुसत्या दूध-रोटलीवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या मांजराची नजर जाऊ शकते, हृदय कमजोर होतं. शाकाहारी घरात मासळी शिजवायची नसेल तर मांजरांचं तयार खाद्य मिळतं, ते घाला. तापाची गोळी, पॅरासिटामॉल, चुकूनही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. पण हे सगळं नंतरचं. आधी काय? ऑपरेशन.

ते कसं करायचं, हे सांगायला आता थोडाच वेळ उरला आहे. जवळच्या पशुवैद्यांना आधी विचारून दिवस ठरवा. नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करा. जखमी मांजर असेल तर १९६२ या क्रमांकावर करुणा ॲम्ब्युलन्सला फोन करता येतो. हाताने धरायला जाऊ नका. झडपेचा पिंजरा मिळतो, त्यात मासळीचा तुकडा ठेवायचा. तुम्ही आधीपासूनच रोज एकाच वेळी, एकाच जागी वाटी ठेवत असाल तर काम सोपं होतं, मांजर ठरल्या वेळेला येतं. मांजर आत गेलं की पिंजऱ्यावर लगेच चादर टाका, अंधार झाला की ते शांत होतं. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, लहान पिल्लाला जास्त वेळ उपाशी ठेवून चालत नाही. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या कानाचं टोक भूल असतानाच किंचित कापून घ्यायला सांगा. दिसायला बरं नाही दिसत, पण पुढच्या वेळी तीच भाटी पुन्हा पकडली जात नाही. भाटीला दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा आणि मग जिथून पकडली तिथेच सोडा. तिथेच. पैसे कमी असतील तर आधी भाट्या, बोके मागून. वाडीवर एकच बोका सुटा राहिला तरी तो सगळ्या भाट्यांना पुरतो, पण पिल्लं देणारी भाटीच.

ऊसतोडीच्या दिवसांत आणखी एक होतं. डांगकडून, नंदुरबार-नवापूरकडून आलेले तोडकरी ऊस कापत जातात आणि सरीत पिल्लं सापडतात. कुणीतरी दया येऊन उचलून आणतं. अहो, ती पुष्कळदा रानमांजराची असतात. लांब पाय, कानाच्या टोकाला केसांचा झुबका, आखूड, कड्याकड्यांची शेपूट. वन्यजीव कायद्याने ती पाळता येत नाहीत. कधी कधी तर बिबट्याची असतात! हात लावू नका. तिथला ऊस त्या दिवशी सोडा, वनखात्याला कळवा. आई रात्री येऊन नेते. आणि आपली पाळीव मांजरं त्या रानमांजरांत मिसळतात, त्याने त्यांच्या रक्तात…हा विषय मोठा आहे, काचेपलीकडून मला बोटं दाखवताहेत.

एवढं मात्र सांगितल्याशिवाय उठणार नाही. पकडताना मांजर चावलं किंवा बोचकारलं, तर हळद लावून बसू नका. रेबीज मांजरापासूनही होतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. पिल्लं अंगावर पिणाऱ्या भाटीचं ऑपरेशन कधी करायचं, असं एका काकींनी पत्रातून विचारलं आहे. काकी, पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की लगेच, तिला पुन्हा दिवस जायच्या आत. आणि त्या पिल्लांचीही तारीख तेव्हाच घेऊन ठेवा.