आठ-चाळीसला थांबलेली घड्याळं

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी 1860च्या डिसेंबरपासून त्यांच्याच साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यातली मिस हॅविशॅम मला आजही अस्वस्थ करते.

लग्नाच्या दिवशी ती नटत होती. एका पायात बूट चढवला होता, दुसरा अजून टेबलावर. तेवढ्यात नवरदेवाचं पत्र आलं : लग्न मोडलं. घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिनं वाड्यातली सगळी घड्याळं त्याच वेळेला थांबवली. खिडक्या बंद केल्या, सूर्यप्रकाश आत येईना. पांढरा पोशाख अंगावरच पिवळा पडत गेला. तो दुसरा बूट मात्र कधीच पायात गेला नाही. पलीकडच्या दालनात लग्नाचा केक तसाच मांडलेला, जाळ्यांनी वेढलेला, त्यातून कोळ्यांची ये-जा.

तिला नुसती वेडी म्हणून सोडून देता येत नाही. फसवणूक खरी होती. पैशासाठी रचलेल्या कटात तिचा सावत्रभाऊही सामील होता. पण दत्तक घेतलेल्या एस्टेलाला तिनं पुरुषांची मनं मोडायलाच वाढवलं, आणि कादंबरीचा नायक, कोवळा पिप त्यात होरपळला. हे मला सर्वांत क्रूर वाटतं.

अखेरीस ती पिपची क्षमा मागते. त्याच दिवशी शेकोटीची आग तिच्या जीर्ण कपड्यांना लागते. विझवताना पिपचे हात भाजतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिचं अंथरूण केकच्याच टेबलावर घालतात. मेल्यावर मला इथंच ठेवा, असं तिनं पूर्वी काठीनं दाखवलं होतं.