वाळूने धरून ठेवलेलं पाणी



कोकणातल्या मुलाने किनाऱ्यावर वाळूत खड्डा खणला नाही, असं सहसा होत नाही. हातभर खणलं की तळाशी पाणी साचतं. पण त्या खड्ड्याची भिंत आठवून पाहा. पाण्याच्या पातळीच्या वरही बरीच वाळू ओली असते. ते पाणी खाली उतरत नाही, कारण कणांमधल्या बारीक फटींनी ते ओढून धरलेलं असतं. हेच केशाकर्षण. फट जितकी बारीक, तितकी पकड घट्ट.

आता हीच वाळू जमिनीच्या पोटात खोलवर दगड होऊन बसली आहे आणि हवेच्या जागी तेल आहे, असं समजा. गुजरातमध्ये अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, ते अशाच वालुकाश्मात. खाली तेलाचं तळं नसतं, तेल कणांमधल्या फटींत असतं. आणि तिथे बहुधा पाणी आधीच मुक्कामाला असतं. त्याला हटवायला तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जेवढा जास्त लागतो, तो केशाकर्षण दाब.

तो मोजण्याची एक जुनी रीत मला फार आवडते. वाळूचा नमुना पाण्याने पुरता भिजवायचा आणि चिनी मातीच्या सच्छिद्र चकतीवर ठेवायचा. चकतीही पाण्याने भरलेली. तिची छिद्रं वाळूतल्या फटींहून कितीतरी बारीक, म्हणून पाणी तिच्यातून जातं, तेल अडतं. वरून तेलाचा दाब किंचित वाढवायचा. सगळ्यांत रुंद फटींतलं पाणी निघतं आणि खालच्या मोजनळीत थेंबाथेंबाने जमतं. मग वाट पाहायची. एक दिवस, कधी आठवडा. पाणी हलायचं पूर्ण थांबलं की आकडा लिहायचा आणि दाब आणखी थोडा वाढवायचा. एका नमुन्याला महिना सहज जातो. इथे घाई केली की पाणी असतं त्याहून जास्त दिसतं, आणि पाणी जास्त दिसलं की खडकातलं तेल कागदावर तेवढं कमी होतं. पाऱ्याची आणि गरगर फिरवण्याची झटपट यंत्रं आली, तरी या संथ मोजणीवर माझा विश्वास अधिक आहे.

आकडा काय सांगतो ते पाहू. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या त्रिज्येच्या फटीतून पाणी हटवायला साधारण ६० किलोपास्कल दाब लागतो. तेल पाण्यापेक्षा घनमीटरमागे २०० किलोंनी हलकं असेल, तर एवढा दाब यायला तेल पाण्याच्या पातळीपासून ३० मीटर उंच चढलेलं असावं लागतं. त्याच्या खाली अशा फटींत पाणीच. किनाऱ्यावर जी ओल आपण हाताने मोजतो, तीच तिथे दहामजली इमारतीएवढी होते.

१९४१ साली लेव्हरेट या अमेरिकन अभियंत्याने निरनिराळ्या वाळूंचे असे आलेख एका सूत्रात बसवून दाखवले. पण त्यातही दोन रेघा उरल्या: पाणी बाहेर जातानाची एक, परत येतानाची दुसरी. पाणी आल्या वाटेने परत जात नाही. आपल्या नमुन्यातही तेच दिसतं. दाब उतरवत शून्यावर आणला, पाणी पुन्हा आत शिरलं, तरी रुंद फटींमध्ये तेलाचे थेंब तुटून अडकतात आणि तिथेच राहतात.