नाणं कुठं सापडलं?

जुन्या नाण्यांवर बोला, असा निरोप होता. बोलतो, पण माझा सगळा जीव नाण्यापेक्षा जागेत अडकलाय. नाणं कुठं सापडलं, हे आधी सांगा.

हल्ली मेटल डिटेक्टर घरपोच येतो. पोरं तो घेऊन रानात हिंडतात. साध्या यंत्राला कळतं ते इतकंच, की खाली धातू आहे. बैलाच्या पत्रीचा खिळा, बाटलीचं बूच आणि शिवराई, सगळ्यांना ते ओरडतं. मग दिवसभर खड्डे पाडायचे आणि पिशवी भरून बुचं घरी आणायची.

हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, तुम्हाला ठाऊक आहेत. वरून सपाट जमीन, खाली हळद. तिथं पहार आपटत कुणी पेव शोधतं का? व्यापारी आधी वही काढतो. पेव कुणाचं, भरलं कधी, माल कुठला. झाकण निघालं तरी लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून आधी कंदील सोडून बघतात. आधी वही, मग कंदील, मग माणूस. आपण नाण्यांच्या बाबतीत थेट उडी मारतो.

आणि नाण्यांच्या शोधाला वही नाही असं नाही; जुने कागद हीच ती वही. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तो वाईला मिळालेल्या कागदांवरून. साताऱ्यात पारसनीसांनी जन्मभर कागद जमवले. त्यांचा संग्रह पुढं पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. हे कागद लढायांसाठी वाचतात. मी म्हणतो, मुक्कामांसाठी वाचा. फौज कुठं उतरली, नदीला उतार कुठं होता, जकात कुठं घेत, बाजार कुठल्या वारी भरे, कुंभार्ली घाटातून माल कसा चढे. पैसा माणसाच्या हातून पडतो तो अशाच ठिकाणी. कऱ्हाडचं नाव भारहुतच्या स्तूपावरच्या दानलेखांत आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथं माणसांची ये-जा. तिथल्या संगमाकाठी यंत्र काय नवीन सांगणार?

आता एक गोष्ट नीट ऐका. तुमच्या रानात नाणं सापडलं म्हणजे ते तिथलंच, असं नाही. जुन्या गावठाणाची पांढरी माती गाड्या भरभरून आपण रानात टाकत आलो. एका पेवातली हळद दुसऱ्यात ओतली आणि वहीत नोंद केली नाही, तर पुढच्याला काय कळणार? तेच नाण्याचं. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ही माती कुठली? कृष्णेचा पूर २००५ला आला, २०१९ला आला. त्यानं काठ खरवडले, इथलं तिथं नेलं. तेही ध्यानात ठेवा.

शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ वाचलं की आपण लगेच महाराजांचा काळ ठरवून मोकळे होतो. अहो, हीच अक्षरं पेशवाईतल्या दुदांडी शिवराईवरही आहेत. नुसत्या अक्षरांवर भागत नाही. घडण बघावी लागते, वजन बघावं लागतं आणि कुठल्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली, हेही. पुन्हा जागाच आली, बघा.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. कुणी कुणाला हरवलं, ते त्या ढिगानं सांगितलं. तेच एकेक करून सोनारांकडं गेलं असतं तर?

कायद्याचंही सांगतो. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. रान तुमच्या वडिलांच्या नावावर असलं, तरीसुद्धा. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि किल्ल्यावर, लेण्यापाशी, संरक्षित हद्दीत परवानगीवाचून उकरणं हा सरळ गुन्हा. हौस असेल तर परवानगी घेऊन खणणाऱ्या संशोधकांकडं जा. यंत्राला तिथं खरं काम मिळेल. गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या मांत्रिकांचा तर विषयच नको. अंधश्रद्धेविरुद्ध झटलेल्या डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यात अजून ते सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. त्यासाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात…

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. असो, मुद्द्याचं पुन्हा सांगतो, कारण तेवढंच तुम्ही विसरणार. विहीर खणताना, नांगरताना नाणं दिसलं, तर हात आवरा. चिंच लावून घासू नका. मोबाइलवर जागेवरचाच फोटो घ्या. कागदावर गट नंबर, तारीख, खोली किती, शेजारी खापर होतं की वीट, माती मूळची की आणलेली, एवढं लिहा आणि मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. चार ओळींचं काम आहे, आळस करू नका.