रमाबाईंचे बायबल



‘ग्रंथप्रामाण्य’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे, आणि सुधारकांच्या काळापासून तो थोडासा बदनामही झाला आहे. बुद्धीला कुलूप घालावयाचे आणि किल्ली पोथीच्या हवाली करावयाची, एवढाच त्याचा अर्थ आपण मनात धरतो. ख्रिस्ती माणूस बायबलचे प्रामाण्य मानतो म्हणजे नेमके काय करतो, हे पाहण्यासाठी मी आज तत्त्वचर्चेच्या वाटेने न जाता पंडिता रमाबाईंच्या आयुष्याच्या वाटेने जाणार आहे.

पोथीचे प्रामाण्य काय असते ते रमाबाईंना विलायतेत जाऊन शिकावयाचे नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत हिंडत असे. ऐकणाऱ्यांना संस्कृत कळत नसे, आणि अर्थ सांगण्याची चालही नसे. शब्द कानावर पडला की पुण्य लागले! हे रमाबाईंनीच पुढे 1907 साली आपल्या साक्षीत लिहिले आहे. 1874 सालच्या सुमारास दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईवडील गेले, मागोमाग बहीणही गेली. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला. तेथे धर्मशास्त्रे स्वतः उघडून पाहिली, तेव्हा त्यांना दिसले ते असे की, इतर बाबतींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ स्त्रीला कमी लेखण्यात मात्र एकमत आहेत.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडील चर्चा बहुधा येथेच थांबते. बाई बाटल्या, विषय संपला! खरे पाहता गोष्ट रंगते ती यापुढे. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा सरळ होती : चर्चने शिकवावे आणि नव्या शिष्येने स्वीकारावे. शिष्या मात्र शुभवर्तमान उघडून विचारू लागली, ‘हे येथे कोठे लिहिले आहे?’ अथनेशियसच्या नावाने चालत आलेला मतांगीकार म्हणावयास त्या तयार होईनात. त्रैक्याचे मत त्यांना त्या वेळी शास्त्रात सापडेना. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमची संस्कृत काय वाईट, असेही त्यांनी विचारले. तरुण पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा बाई संतापल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविली ती दुसऱ्याच्या जोखडात देण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे पत्र आहे.

यावर कोणी विचारील की, अर्थ लावणारी बुद्धी जर बाईंचीच, तर प्रामाण्य ग्रंथाचे की बुद्धीचे? प्रश्न रास्त आहे. जेराल्डीनबाईंना तर यात निव्वळ अहंकार दिसला. मला तसे वाटत नाही. आपल्या मताला दुजोरा देणारी वचने तेवढी वेचणारा माणूस ग्रंथ मानीत नाही, तो ग्रंथाला नोकरीस ठेवतो. रमाबाईंचे तसे नव्हते. त्रैक्याचे मत त्यांनी पुढे स्वीकारले, ते कोणाच्या हुकमाने नव्हे, वाचता वाचता. आणि बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना असे आढळून आले की, आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. हेही त्यांनी छापून प्रसिद्ध केले. ज्या पुस्तकाच्या बळावर बिशपांना उत्तर दिले, त्याच पुस्तकापुढे स्वतःलाही उभे केले. प्रामाण्य मानणे म्हणतात ते याला.

या निष्ठेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुण्याच्या शारदासदनात बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. 1893 साली रानडे आणि भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. आश्रित, अल्पवयीन मुलींच्या बाबतीत उघडे दार हे कितपत मोकळे असते, ही त्या दोघांची शंका मला आजही पोकळ वाटत नाही. असो.

पुढे केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, आणि तेथे दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली आल्या. मराठी बायबल काही नवे नव्हते. श्रीरामपूरला 1811 सालीच मराठी नवा करार छापून निघाला होता. पण रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी या मुलींना कोठून कळणार? पुराणिकाची मुलगी हा पेच ओळखून होती. जो ग्रंथ कळत नाही त्याचे प्रामाण्य वाचून दाखविणाऱ्याच्या हाती जाते. म्हणून इब्री आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून, संस्कृतचा एवढा व्यासंग असलेल्या या बाईंनी संस्कृत शब्द बाजूला सारीत सारे बायबल एकटीच्या बळावर साध्या मराठीत आणावयास घेतले. काम वर्षानुवर्षे चालले. छपाई मुक्तीच्या छापखान्यातच, आश्रमातल्या बायकामुलींच्या हातून होत होती. 1921 साली कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी बाई वारल्या, तेव्हा त्यांचा वाटा पुरा झाला होता. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. मंडळ्यांतून आज प्रामुख्याने बायबल सोसायटीचे भाषांतरच वाचले जाते. रमाबाईंची प्रत हाती आली तर दोन पाने मोठ्याने वाचून पाहा; ते वाक्य केडगावच्या मुलींच्या कानासाठी बेतलेले आहे.