मानेच्या शस्त्रक्रियेनंतरचा महिना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे; आमचे आयुष्य शाळेत खडू झिजविण्यात गेले. तथापि मानेतील धमनीची शस्त्रक्रिया झालेले बांधव आता आपल्या ज्ञातीतही भेटू लागले आहेत. म्हणून जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

मानेच्या दोन्ही अंगांस असलेल्या कॅरोटिड नामक धमन्या मेंदूस रक्त पोहोचवितात. त्यांत चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली म्हणजे अर्धांगवायूचे भय उत्पन्न होते. हा थर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया १९५३ साली अमेरिकेत डॉ. डिबेकी यांनी यशस्वी केली. ज्यांस अर्धांगवायूची पूर्वसूचना मिळाली आहे व ज्यांची धमनी शेकडा ७० वा अधिक अरुंद झाली आहे, अशांना तिचा निश्चित लाभ होतो, हे १९९१ साली सिद्ध झाले.

परंतु वाट मोकळी झाली की भय संपले, ही समजूत घातक होय. शेतकऱ्यास हे सांगणे नलगे. ज्या वाफ्यांना नेहमी बेताचे पाणी मिळत आले, त्यांचे दार एकदम उघडले तर बांध फुटून माती वाहून जाते. अल्प रक्तावर दिवस काढलेल्या मेंदूतील सूक्ष्म वाहिन्या सैलावलेल्या असतात. प्रवाह वाढताच आकसून घेण्याची शक्ती त्यांस तत्काळ येत नाही. त्यांत रक्तदाब चढला म्हणजे मेंदूस सूज येते, क्वचित रक्तस्रावही होतो. शंभरांत एक ते तीन रुग्णांस हा विकार होतो. बहुधा पहिल्या आठवड्यात, परंतु महिन्यापर्यंतही. ज्यांची दुसऱ्या बाजूची धमनीही बंद आहे वा रक्तदाब जुना आहे, त्यांनी विशेष जपावे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ‘वाट मोकळी झाली, आता गोळ्या कशाला?’ म्हणून रक्तदाबाचे औषध सोडले. सहाव्या दिवशी शस्त्रक्रियेच्या बाजूचे डोके असह्य दुखू लागले. सूनबाईंनी बाम चोळीत न बसता रक्तदाब मोजला व तडक रुग्णालय गाठले. म्हणूनच ते आज आपल्यात आहेत.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात धराव्या. रक्तदाब किती असावा व किती चढल्यास धावत यावे, हे आकडे घरी येण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. रक्तदाबाच्या व रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, वाढवूही नयेत. तीव्र डोकेदुखी, फेफरे, जीभ अडखळणे, नजर अंधुक होणे, हातापायांतील बळ जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. समाचारास जाणाऱ्यांनीही लोणची-पापडांचे डबे नेऊ नयेत. मिठाने रक्तदाब चढतो.

शस्त्रक्रियेसाठी आपला वैद्यकीय साहाय्य निधी मदत करतोच. त्यातूनच चार-पाच रक्तदाबमापक यंत्रे घेऊन अशा घरी महिनाभर वापरावयास द्यावी, अशी कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे. लाखांचा खर्च करून आणलेला माणूस दोन हजारांच्या यंत्रावाचून गमावू नये, इतकीच विनंती करून आपली रजा घेतो.